नवे टायर आणि डोलणारी पिकअप: ‘चालवत राहा, सेट होईल’ हा सल्ला का चुकतो

पिकअप चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या हातोहात फिरतो आहे. मजकूर साधारण असा: “नवे टायर टाकल्यावर गाडी डोलली, स्टिअरिंग हलकं लागलं तर घाबरू नका. हजार किलोमीटर चालवा, टायर आपोआप सेट होतात. नाहीच झाले तर अलाइनमेंट करा. माप जुळलं की टायर कोणताही चालतो. हवा टायरवर छापलेल्या आकड्याएवढी ठेवा. नवी जोडी नेहमी पुढे टाका. एवढं करूनही डोलली तर स्टिअरिंग बॉक्स आवळून घ्या.”

यातल्या काही ओळींत थोडं तथ्य आहे, म्हणूनच हा सल्ला लोकांना पटतो. पण नारायणगावहून टोमॅटो भरून रात्री माळशेज घाट उतरणाऱ्या माणसाने तो जसाच्या तसा पाळला, तर गाडीबरोबर त्याचा जीवही धोक्यात येतो. म्हणून एकेक ओळ घेऊन बोलतो.

त्याआधी गाडी नेमकं काय करते ते ठरवा. सपाट रस्त्यावर स्टिअरिंगवरचा हात सैल केला की ती सतत एकाच बाजूला जाते का? की कुठल्याच बाजूला ओढत नाही, पण सरळ ठेवायला सारखं डावं-उजवं करावं लागतं? की एका ठरावीक वेगाला, बहुतेक वेळा ८० च्या आसपास किंवा पुढे, स्टिअरिंग थरथरतं? की लेन बदलताना पुढचा भाग वळतो आणि हौदा क्षणभर मागे राहून मग झोल खातो? ही चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि चौघांची कारणं वेगळी आहेत. फिरणाऱ्या मजकुरात चौघांना एकच औषध दिलं आहे, तिथेच पहिली गफलत आहे.

“हजार किलोमीटर चालवा, टायर सेट होतात”

खरा भाग आधी सांगतो. नव्या टायरची नक्षी खोल असते, तिचे ठोकळे उंच असतात, आणि वळताना ते किंचित मुरडतात. त्याआधी आपण घासून गुळगुळीत झालेल्या टायरवर गाडी चालवत असतो. तिथे मुरडायला रबरच उरलेलं नसतं, म्हणून स्टिअरिंग चटकन उत्तर देतं. नव्या टायरवर ते थोडं मऊ लागणं स्वाभाविक आहे. शिवाय टायर साच्यातून सुटावा म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंश पृष्ठभागावर असतो, त्यामुळे सुरुवातीचे काहीशे किलोमीटर जोरात ब्रेक मारणं आणि वळणावर वेग ठेवणं टाळावं. इथपर्यंत बरोबर.

पण हा मऊपणा दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि दिवसागणिक कमी होत जातो. गाडी एका बाजूला ओढत असेल, थरथरत असेल, चाकातून ठोके येत असतील किंवा डोलणं वाढत चाललं असेल, तर ते ‘सेट’ होण्याचं लक्षण नाही. तिथे हजार किलोमीटर वाट पाहणं म्हणजे बिघाड पोसणं.

यातला सगळ्यात गंभीर प्रकार नटांचा. चाक काढून पुन्हा बसवलं की ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे असतात. हबच्या (चाक ज्या भागावर बसतं त्याच्या) तोंडावर गंजाचा किंवा मातीचा थर राहिला, किंवा रिमला जाड रंग मारलेला असला, तर सुरुवातीला नट घट्ट लागतो. पुढे तो थर चेपला जातो आणि नट ढिला पडतो. हवेच्या गनने सगळे नट ओळीने ठोकले तर रिम एका बाजूने तिरकी बसू शकते. नट समोरासमोर, आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे आणि शेवट टॉर्क पान्ह्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या) करायचा, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर. टायर बदलून निघालात आणि चाकाकडून टकटक ऐकू आली, तर पुढचा ढाबासुद्धा गाठू नका. कडेला घ्या आणि पान्हा लावा.

वाट पाहण्यात पैशांचंही नुकसान आहे. टायरमध्ये बनावटीचा दोष निघाला तर कंपन्या भरपाई बहुधा उरलेल्या नक्षीच्या हिशोबाने देतात. जितका घासाल तितकी रक्कम कमी. बिल आणि टायरवरचा क्रमांक जपून ठेवा आणि तक्रार लगेच करा.

“नाहीच झाले तर अलाइनमेंट करा”

टायर बदलल्याने अलाइनमेंट बदलत नाही. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, आणि ते कोन ठरतात चाक धरून ठेवणाऱ्या आणि वळवणाऱ्या भागांवरून: टाय रॉड, आर्म, बॉल जॉइंट किंवा किंगपिन, कमानपाटे (पट्ट्यांची स्प्रिंग) आणि त्यांचे रबरी बुश. टायरवाला यांपैकी कशालाही हात लावत नाही. सकाळी सरळ चालणारी गाडी दुपारी नव्या टायरवर डोलत असेल, तर आधी संशय घ्यायचा तो दुपारी ज्या गोष्टींना हात लागला त्यांच्यावर: हवा, नट, रिमवर टायरचं बसणं आणि टायर स्वतः.

टायर रिमवर नीट बसला की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. रिमच्या काठाजवळ टायरवर एक बारीक गोल रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी ती रिमखाली बुडालेली असेल तर तिथे टायरची कड बसलेली नाही. ते चाक गोल फिरत नाही आणि कितीही वजनं चिकटवली तरी थरथर जाणार नाही.

गाडी ओढत असेल तर पुढची दोन चाकं एकमेकांत बदलून पाहा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही चाचणी करू नका. तेव्हा त्या त्या बाजूचं पुढचं आणि मागचं चाक बदला. डावं-उजवं बदलल्यावर ओढण्याची दिशा उलटली, तर दोष टायरचा. टायर बनताना आतला पट्टा बारीकसा एका बाजूला सरकला, तर तो टायर शंकूसारखा वागतो आणि गाडीला एका बाजूला नेतो. बाहेरून काही दिसत नाही. दिशा तीच राहिली तर मग अलाइनमेंट, किंवा एखाद्या चाकाचा धरून राहिलेला ब्रेक. ब्रेकची शंका असेल तर थोडं अंतर कमीत कमी ब्रेक मारत चालवा, उभं राहून दोन्ही हबांजवळ हात न्या. एक हब दुसऱ्यापेक्षा उघड जास्त तापलेला असेल तर उत्तर मिळालं.

मग अलाइनमेंट निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. जुने टायर चुकीच्या कोनातच घासून त्या कोनाशी जुळलेले असतात आणि दोष झाकून ठेवतात. नवे, चौकोनी काठांचे टायर आले की तो उघडा पडतो. जुन्या टायरची एकच कड खाल्लेली असेल तर नव्या टायरबरोबर अलाइनमेंट करायलाच हवी. पण ती सगळ्यात शेवटी. आधी गाडी जॅकवर उचला, खाली स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड लावा. चाक वर-खाली धरून हलवा: खेळ जाणवला तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंगपिन. डावी-उजवीकडे धरून हलवा: खेळ जाणवला तर टाय रॉड एंड. हा खेळ तसाच ठेवून केलेली अलाइनमेंट यंत्राच्या पडद्यावर हिरवी दिसेल आणि पहिल्या खड्ड्यात बिघडेल.

आणि पिकअपमध्ये मागचा अ‍ॅक्सल विसरू नका. अ‍ॅक्सल कमानपाट्याला बांधणारा यू क्लॅम्प ढिला असेल, पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला असेल किंवा शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश संपले असतील, तर अ‍ॅक्सल किंचित तिरका होतो आणि मागची चाकंच गाडी वळवू लागतात. मागून चालणाऱ्याला अशी गाडी तिरकी जाताना दिसते. फक्त पुढच्या दोन चाकांवर सेन्सर लावणाऱ्या दुकानात हा दोष सापडणार नाही. चारही चाकांची मापं घ्यायला सांगा.

बॅलन्सिंगबद्दल, म्हणजे छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधण्याबद्दल, थोडक्यात: त्याचा संबंध थरथरीशी. स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढचं चाक, सीट थरथरत असेल तर मागचं. गाडी भरकटत असेल तर बॅलन्सिंगवर पैसे घालवून उपयोग नाही.

“माप जुळलं की टायर कोणताही चालतो”

माझ्या मते या मजकुरातली सगळ्यात घातक ओळ हीच. २१५/७५ आर १५ हे माप घ्या. याच मापात एसयूव्हीसाठीचा टायर मिळतो आणि हलक्या मालवाहू गाडीसाठीचाही. दोन्ही रिमवर सारखेच चढतात. फरक भिंतीत आहे. मालवाहू टायरची बाजूची भिंत जाड आणि कडक असते, त्यावर ‘एलटी’ (लाइट ट्रक) किंवा ८ पीआर (प्लाय रेटिंग, म्हणजे टायरच्या ताकदीचा दर्जा) अशी खूण असते. एसयूव्हीचा टायर आरामासाठी बनलेला, मऊ भिंतीचा. तो पिकअपच्या मागच्या चाकाला लावला आणि वर माल चढवला, की प्रत्येक वळणावर भिंत आधी कलंडते आणि मग गाडी वळते. हौद्याचा जो झोल सांगितला, त्याचं एक मोठं कारण हे आहे. हा टायर हजार काय, दहा हजार किलोमीटरनेही ‘सेट’ होणार नाही.

मापाच्या शेजारी छापलेला भार निर्देशांक वाचा. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो. मागच्या दोन टायरांचा हिशोब केला तर १,६०० आणि १,९०० किलो. माल हौद्यात असतो आणि त्याचं बहुतेक वजन मागच्या अ‍ॅक्सलवर येतं, त्यामुळे हा ३०० किलोंचा फरक फार मोठा आहे. मालवाहू टायरवर १०६/१०४ असे दोन आकडे असले तर पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. पिकअपला पहिलाच पाहायचा. गाडीबरोबर आलेल्या टायरवर जो आकडा होता त्याच्या खाली जाऊ नका, मग दुकानदार कितीही सवलत देवो.

एकाच अ‍ॅक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन (जुन्या पद्धतीचा, तिरक्या थरांचा टायर) तर कधीच नको. रेडियलची भिंत वाकते आणि नक्षी रस्त्याला चिकटून राहते. नायलॉनचा सगळा सांगाडाच एकत्र कलतो. एका अ‍ॅक्सलवर हे दोन स्वभाव आले की गाडी प्रत्येक खाचेला वेगळं वागते. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन हीसुद्धा वाईट जोडी आहे, कारण मागची पकड आधी सुटते.

‘थोडा मोठा टायर टाकला की गाडी दणकट दिसते’ असं म्हणणाऱ्यांसाठीही हिशोब मांडतो. २१५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर, २३५/७५ आर १५ चा ७३३. गाडी १५ मिलिमीटर उंच होते, काटा ८० दाखवतो तेव्हा खरा वेग ८३ च्या पुढे असतो, आणि रिम जुनीच अरुंद ठेवली तर रुंद टायरच्या भिंती बाहेर फुगून जास्त लवतात. डोलणं कमी करायचं असताना हे तिन्ही उलट दिशेला नेतं.

“हवा टायरवर छापलेल्या आकड्याएवढी ठेवा”

टायरवरचा आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तो टायर कुठल्या गाडीला लागणार आहे हे टायर कंपनीला माहीत नसतं. तुमच्या गाडीची हवा गाडी बनवणाऱ्याने ठरवलेली असते. ती बहुधा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आणि पुस्तकात असते. पिकअपमध्ये पुढची आणि मागची हवा वेगळी, आणि रिकाम्या व भरल्या गाडीची मागची हवाही वेगळी असू शकते.

रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांत भरल्या गाडीची हवा ठेवली तर टायर फक्त मधल्या पट्ट्यावर टेकतो. वर कडक कमानपाटे, खाली दगडासारखा टायर. खडबडीत रस्त्यावर हौदा उड्या मारतो आणि ओल्या वळणावर सरकतो. उलट भरल्या गाडीत हवा कमी असेल तर भिंत कलंडते, तापते, आणि टायर फुटण्याची वेळ येते.

टायरच्या दुकानात आणखी एक गोष्ट घडते. टायरची कड रिमवर बसावी म्हणून हवा आधी जास्त भरतात, आणि गर्दीच्या वेळी ती तशीच राहून जाते, कधी एका चाकात, कधी चारही. म्हणून नव्या टायरवर गाडी विचित्र वागली तर सगळ्यात पहिलं काम: गाडी ३ तास उभी राहिलेली असताना, थंड टायरवर, आपल्या विश्वासातल्या गेजने चारही चाकं मोजा. खूप वेळा दुखणं इथेच संपतं. चालून तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते. ती सोडून देऊ नका. नायट्रोजन भरल्याने डोलणं थांबत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

“नवी जोडी नेहमी पुढे टाका”

पुढचं चाक गाडी वळवतं म्हणून नवा टायर पुढे, हा विचार वरवर पटतो. पण पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ लागते. पाय उचलला, वेग उतरला की बहुतेकदा ती पुन्हा ऐकते. मागची पकड सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ते सावरणं रोजच्या चालकाच्याही हातात नसतं. रिकामी पिकअप मागे मुळातच हलकी असते. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलेलं असताना मागे गुळगुळीत टायर असले तर ते पाण्यावर तरंगतात. म्हणून दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे, आणि उरलेल्यांतले चांगले पुढे. नियमाने नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. माझं सांगणं आहे की पावसाळ्यात त्या सीमेपर्यंत जाऊच नका.

मागे नवे, पुढे जुने अशा जोडीत सुरुवातीला मागचा भाग थोडा मऊ लागतो. वर सांगितलेला मुरडणाऱ्या नक्षीचा प्रकार तो हाच, आणि तो मात्र खरोखर चालवून कमी होतो.

“तरी डोलली तर स्टिअरिंग बॉक्स आवळा”

ज्या गाड्यांना स्टिअरिंग बॉक्स असतो, त्यात खेळ कमी करायचा एक स्क्रू असतो. तो आवळला की स्टिअरिंग घट्ट वाटतं आणि चालकाला बरं वाटतं. पण कारण टायर, हवा किंवा टाय रॉड असेल तर ते जागच्या जागी राहतं, आणि वर नवा दोष येतो: स्टिअरिंग मध्यभागी अडकू लागतं, वळणानंतर आपसूक परत येत नाही, आणि चालक सरळ रस्त्यावर सारखा झटके देऊन दुरुस्ती करत राहतो. म्हणजे भरकटणं आणखी वाढतं; शिवाय बॉक्सचे आतले दाते झिजतात. कुणी आधीच तो आवळून दिला असेल, तर जाणत्या मेकॅनिककडून तो गाडीच्या पुस्तकात दिलेल्या सेटिंगवर आणून घ्या, थंड टायरची हवा मोजा, चारही टायरांवरची अक्षरं वाचा, आणि मगच गाडीत माल भरा.