हार्डवेअरमध्येच करिअर करायचंय? करा की!

आधी अभिनंदन. ई अँड टीसीची (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची) अख्खी बॅच आयटीत चिकटत असताना तुम्ही ‘मी कोअरमध्येच, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्समध्येच जाणार’ म्हणालात. आता घरचे मिक्सर दुरुस्तीला देतील. आनंदाने करा, कारण नोकरी लागल्यावर पहिली दोन वर्षं यापेक्षा जास्त हार्डवेअर हाताला लागणार नाही. तिथे एक्सेलमध्ये बीओएम, म्हणजे सुट्या भागांची यादी भरायची असते.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट स्वतः करण्याच्या फंदात पडू नका. रेडीमेड मिळतो, सोबत बाइंड केलेला रिपोर्टही. आत १९८० सालचा ८०५१ मायक्रोकंट्रोलर असेल, पण परीक्षक त्याच्यावरच वाढलेले असल्याने उलट जवळचा वाटेल. वेळ वाचला तर इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला चक्कर मारा आणि ‘ओरिजिनल आहे ना?’ असं जरूर विचारा. दुकानदार ‘नाही’ म्हणाल्याचं अजून कोणी ऐकलेलं नाही.

डेटाशीटचं, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकाचं, पहिलं पान पुरे. त्यापुढे उघडलंच, तर ‘अ‍ॅब्सोल्यूट मॅक्झिमम रेटिंग्ज’चा (याच्या वर गेलात तर चिप मेली, अशा मर्यादांचा) तक्ता पाहा. ३.६ व्होल्टपर्यंत चालवायच्या चिपसमोर तिथे ४ लिहिलेलं असतं. म्हणजे कंपनीने वरचे ०.४ तुमच्यासाठीच राखून ठेवलेत, वापरून टाका. १२ व्होल्टचे ५ करायला ७८०५ ही रेग्युलेटर चिप लावा. अर्ध्या अँपिअरला साडेतीन वॅट उष्णता निघते, पण हीटसिंक महाग पडतो आणि डब्यात मावतही नाही. ७८०५ बिचारी समजूतदार आहे, फार तापली की स्वतःच बंद पडते. निवली की पुन्हा चालू. गिऱ्हाईकाला सांगा, ‘ऑटो रीस्टार्ट’ आहे.

आता डीकपलिंग कपॅसिटर, म्हणजे चिपजवळचा विजेचा छोटा साठा. प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनला अगदी खेटून ०.१ मायक्रोफॅरड लावावा, असं पुस्तकी लोक सांगतात. चिप स्विच होताना काही नॅनोसेकंदांत करंटचा घोट मागते, लांबच्या ट्रॅकचं इंडक्टन्स तो वेळेवर पोचू देत नाही, मग व्होल्टेज खचतं वगैरे. स्केमॅटिकमध्ये (सर्किटच्या आकृतीत) तर ते सगळे कपॅसिटर एका कोपऱ्यात ओळीने काढलेले असतात ना? मग बोर्डावरही तसेच बसवा, कवायतीला उभे केल्यासारखे. फोटो सुरेख येतो. टेबलावर बोर्ड झकास चालेल. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरशेजारी लावला की दर वेळी रीसेट होईल. तेव्हा गडबडायचं नाही. शांतपणे म्हणायचं, ‘फर्मवेअरमध्ये काहीतरी आहे.’ फर्मवेअरवाला, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम लिहिणारा, आठवडाभर वॉचडॉगचा (अडकलेली चिप रीसेट करणाऱ्या टायमरचा) कोड वाचत बसेल. (तो आधीच ‘हार्डवेअरमध्ये काहीतरी आहे’ असा मेल टाकून बसलेला असतो. त्यामुळे फिटंफाट.)

पर्चेसशी (खरेदी विभागाशी) मात्र भांडायचं नाही. तुम्ही एक्स७आर जातीचा कपॅसिटर लिहिलात आणि त्यांनी वाय५व्ही जातीचा आणला, तर काय बिघडलं? आकडा तोच, साइझ तोच, वर स्वस्त. तापमान बदललं की वाय५व्हीची कपॅसिटन्स (साठवणक्षमता) तब्बल ८२ टक्क्यांनी घसरू शकते, पण मीटिंग एसीत असते. २०२१ च्या चिपटंचाईपासून तर ‘मिळाला ना? मग लावा’ हेच स्पेसिफिकेशन झालंय.

ईएमसी टेस्टचा (आपलं यंत्र इतरांना विद्युत-चुंबकीय त्रास देतं का, त्यांचा सोसतं का, या चाचणीचा) विचार डब्याचा मोल्ड, म्हणजे साचा, तयार झाल्यावर करा. आधी केला तर बोर्डाचा लेआउट बदलता येतो आणि काम वाढतं. उशिरा केला की लॅबमध्ये तासाचे पैसे मोजत, नॉइज दाबायला फेराइट आणि कॉपर टेप चिकटवत स्वतःच्या हाताने शिकता येतं. त्या लेआउटवर तुमचं नाव असेल, तर त्या दिवशी रजा टाका.

एवढं सांभाळलंत की काही वर्षांत सीनियर व्हाल. मग सोल्डरिंग आयर्नला हात लावायचा नाही. रिव्ह्यूमध्ये नव्या पोराचं स्केमॅटिक उघडायचं, भुवया उंचावायच्या आणि विचारायचं, ‘आय-टू-सीचे पुलअप कुठायत?’ चिप्स जोडणाऱ्या आय-टू-सी तारांचे ते रेझिस्टर असतातच, दुसऱ्या शीटवर. पण त्याला ते सापडेपर्यंत चहा येतो.