चारी चाकांत जीव असलेल्या गाडीची पीयूसी

मालक, आधी अभिनंदन. कोल्हापुरात राहून तुम्ही चारी चाकं ओढणारी स्पोर्ट्‌स कार घेतलीत. एमएच ०९ पुढं मनासारखा नंबर मिळावा म्हणून एका सेकंडहँड आल्टोएवढे पैसे मोजलेत, जोतिबाला नारळ फोडलात आणि पहिल्याच रविवारी गगनबावड्याचा घाट चढून फोटो टाकलेत. आता वर्ष झालं. पीयूसीची मुदत संपत आली आणि तुम्हाला घाम फुटला. फुटायलाच पाहिजे. अशा गाडीला धूर तपासणी म्हणजे जिवावरचं दुखणं, हे ज्याला कळत नाही त्यानं अशी गाडी घेऊच नये.

धूर तपासणीत गाडीचं वाटोळं होतं, ही भीती तुम्ही अमेरिकेतून आयात केलीय आणि तिच्यावर कस्टम ड्युटीसुद्धा लागलेली नाही. तिकडं काही राज्यांत गाडी उभी करून धूर मोजत नाहीत, पळवून मोजतात. चाकं रोलरवर चढवायची आणि गाडी जागच्या जागी पळवायची. कॅलिफोर्नियातल्या टेस्टला ताशी २४ आणि ४० किलोमीटर. दुसरी एक टेस्ट २४० सेकंदांची, तिच्यात वेग ताशी ९१ किलोमीटरपर्यंत जातो. आता जी गाडी पुढच्याच दोन चाकांवर चालते तिला त्याचं काही नाही. पण तुमच्या गाडीची पुढची चाकं रोलरवर पळणार आणि मागची फरशीवर ठाम उभी राहणार. एका बैलाला चाबूक आणि दुसऱ्याला दावं!

पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटून देणाऱ्या, मधे बसलेल्या सेंटर डिफरन्शियलला वाटतं, पुढची चाकं चिखलात घसरताहेत. ज्या गाड्यांत व्हिस्कस कपलिंग (पुढची-मागची बाजू घट्ट तेलानं जोडणारा डबा) असतं, त्यांच्यात दोन्हीकडच्या वेगातल्या फरकानं आतलं सिलिकॉनचं तेल तापतं, कपलिंग आवळतं आणि बरीचशी ताकद मागच्या चाकांकडं जाते. मग एक तर कपलिंग भाजून निघतं, नाही तर गाडी रोलरवरून उडी मारून समोरच्या भिंतीची विचारपूस करते. ज्यांच्यात तेलाऐवजी कॉम्प्युटरनं दाबला जाणारा क्लच असतो, तिथं तो कॉम्प्युटर गोंधळतो. खर्चाचा आकडा सर्व्हिस सेंटरवाला आधी पाणी देऊन मग सांगतो.

म्हणूनच कॅलिफोर्नियात कायम चारी चाकं ओढणारी गाडी रोलरवर घेत नाहीत. तिला उभी ठेवून दोन वेगवेगळ्या रेसवर तपासतात. २००० सालापासूनच्या बहुतेक गाड्यांना तर २०१५ पासून नुसती वायर जोडून गाडीच्याच कॉम्प्युटरला विचारतात. म्हणजे ज्या गावाहून भीती आली, तिथं तिच्यावरचा उपायही कधीच झालाय. पण उपाय आयात करायचा नसतो, त्यात मजा नाही.

आपल्याकडं बघा. पंपाच्या कोपऱ्यात, हवा भरायच्या मशीनशेजारी एक जुनी व्हॅन उभी असते. आत फळकुटावर गॅस अ‍ॅनलायझर, कॉम्प्युटर, प्रिंटर, अंबाबाईचा फोटो आणि त्यापुढं उदबत्ती. (तिचा धूर मोजत नाहीत.) व्हॅनमधून एक लांब नळी बाहेर येते आणि तिच्या टोकाला प्रोब असतो. हा प्रोब सायलेन्सरमध्ये फूटभर आत घालायचा. आधी रेस न देता इंजिन जागेवर सोडून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघायचे, मग अडीच हजार आरपीएमवर रेस धरून पुन्हा मोनॉक्साइड आणि लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचं प्रमाण. बीएस फोर या धुराच्या सरकारी नियमापासून पुढच्या पेट्रोल कारला जागेवर मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत पाहिजे. लॅम्डा एकच्या आसपास, फार तर ०.०३ इकडंतिकडं. चाक इंचभरही हलत नाही. गाडी दोन चाकं ओढू दे नाही तर चाळीस.

पण तेवढ्यानं निर्धास्त होऊ नका. आपल्याकडचे धोके वेगळे आहेत.

पहिला धोका पंपात शिरताना. रस्ता आणि पंप यांच्यामधे गटारावर जी लोखंडी जाळी असते, तिनं आजवर कुणाच्याच पुढच्या बंपरचा मान ठेवलेला नाही. दुसरा धोका गर्दीचा. गाडी थांबल्यावर मिनिटात दहा पोरं जमतात आणि "ओ मालक, जरा आवाज काढा की!" सुरू होतं. आवाज काढा, हरकत नाही. कोल्हापुरात त्याला नाही म्हणणं शोभत नाही. फक्त प्रोब आत असताना काढू नका.

तिसरा धोका नळ्यांचा. तुमच्या गाडीला मागं चार नळ्या. व्हॅनवाला पोरगा खाली बसतो, चारीकडं बघतो आणि विचारतो, "ह्यातल्या कुठल्या नळीत घालू?" हा प्रश्न फार मोलाचा आहे. काही गाड्यांत चारापैकी दोन नळ्यांना आत झडप असते आणि इंजिन जागेवर असताना ती बंद राहते. काही गाड्यांत तर नळी नुसती शोभेची, बंपरला चिकटवलेली. तुम्ही दानशूरपणे शोभेच्या नळीकडं बोट दाखवा. रीडिंग शून्य येईल. कार्बन डायऑक्साइडसुद्धा शून्य आला तर मशीनच्या मते गाडी बंद आहे. मग पोरगा कान देऊन इंजिनाची घरघर ऐकेल आणि तुमच्याकडं बघेल. तुम्ही मोबाईलमध्ये बघा.

चौथा धोका सगळ्यात मोठा. तो म्हणजे पोरगा प्रामाणिक निघणं.

गाडी कंपनीतून आली तेव्हा तिच्या पोटात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर होता. विषारी वायू प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमच्या जाळीवरून नेऊन निरुपद्रवी करणारा एक डबा. त्यानं आवाज दबतो, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं. तुम्ही तो काढून सरळ पाइप टाकलात, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, रीमॅप करून घेतला आणि आता अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून दिवाळी साजरी होते. न जळलेलं पेट्रोल नळीत जाऊन पेटतं, तो हा आवाज. डबा घरी माळ्यावर आहे. बाकीचं खानदान सोनं लॉकरमध्ये ठेवतं आणि तुम्ही प्लॅटिनम माळ्यावर, एवढाच फरक.

तर असा एखादा आयटीआय झालेला पोरगा भेटतो, ज्याचा मामा शिरोलीच्या फाउंड्रीत आहे आणि जो लहानपणापासून इंजिनाच्या कास्टिंगवर बसून वडापाव खात आलाय. तो स्क्रीनकडं बघून म्हणतो,

"मालक, क्याट काढलाय न्हवं?"

"नाही रे, कंपनीनंच असा दिलाय."

"कंपनी असं देत न्हाई ओ. मोनॉक्साइड १.८ दावतंय."

"थंड आहे अजून. जरा गरम होऊ दे, कमी येईल."

"गरम झाल्यावर क्याट काम करतोय, बरोबर हाय. पर तो हितं न्हाईच की."

अशा वेळी वाद घालू नका. इथंच तर आयात भीती कामाला येते. खिशातून गॉगल काढा, आवाज खाली आणा आणि म्हणा, "हे बघ, ही ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे. असल्या टेस्टनं हिचं सेंटर डिफरन्शियल जातं." पोरगा गाडीच्या चाकांकडं बघेल, मग नळीकडं, मग तुमच्याकडं.

"उभ्या गाडीचं?"

निघा तिथून.

पुढच्या व्हॅनकडं जा. चांगली व्हॅन ओळखायची खूण अशी, की तिथं प्रोब खुंटीवर लटकलेला असतो आणि त्याच्यावर धूळ असते. नंबर प्लेटचा फोटो तेवढा काढावा लागतो, कारण तो वर सिस्टीमला जातो. गाडीला काहीही टोचलं जात नाही. डिफरन्शियल, क्लच, कपलिंग सगळं सुखरूप. शे-सव्वाशेचा कागद हातात. पीयूसी नसेल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही सोय आहे. त्या मानानं हा सौदा स्वस्त.

मला फोक्सवॅगनवाल्यांची खरोखर दया येते. बिचाऱ्यांनी डिझेल गाड्यांत किती डोकं लावलं. स्टिअरिंग वळत नाही आणि चाकं मात्र पळताहेत, म्हणजे आपण रोलरवर आहोत, हे ओळखणारं सॉफ्टवेअर लिहिलं. टेस्टपुरती गाडी सोवळ्यात आणि रस्त्यावर आली की नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेनं पकडलं, जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. एवढा खटाटोप कशाला? आपल्याकडं गाडीला काही ओळखावं लागत नाही. व्हॅनवालाच गाडी ओळखतो, आणि गाडीवरून मालकाचं घराणं.

कुणी हटकलंच तर तयार उत्तर ठेवा. सीझनला शिरोली नाक्यावर दोन ट्रॉल्या जोडून उसाचा ट्रॅक्टर चाललेला असतो, काळा धूर सोडत, वर साउंड सिस्टीम. त्याच्याकडं बोट दाखवा आणि म्हणा, "आधी त्यांचं बघा." ट्रॅक्टरला बीएस सिक्स लागू नाही, त्यांचे धुराचे नियम (ट्रेम) वेगळे, हे सांगत बसू नका. तुमच्या टाकीतल्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि आपल्या जिल्ह्यातले कारखाने ते उसापासूनच काढतात, हेही सांगू नका. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात स्वच्छ हवेची ठरलेली पातळी न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूरचं नाव आहे, तिथं मात्र छाती फुगवून "जगात भारी" म्हणायला हरकत नाही.

एक गोष्ट तेवढी मनापासून सांगतो. रोलरची भीती खरी करून दाखवणारं एक यंत्र आपल्याकडं आहे, पण ते पीयूसीच्या व्हॅनमध्ये नाही. राजारामपुरीत पांढऱ्या पट्ट्याबाहेर गाडी लावून पाच मिनिटं आईस्क्रीम खायला जा. क्रेन येते, पुढची दोन चाकं उचलते आणि मागची दोन रस्त्यावरून फरफटत नेते. दोन फिरताहेत, दोन हवेत स्थिर. कॅलिफोर्नियात जे होऊ नये म्हणून नियम केला, तेच इथं भर बाजारात, बघ्यांसह. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, ही गाडी चारी चाकं उचलून, फ्लॅटबेडवरच न्यायची. क्रेनवरच्या पोराला ते मॅन्युअल वाचून दाखवायचं असेल तर मागं पळत पळत दाखवावं लागेल. धूर तपासणीच्या नावानं झोप उडालेला एकही मालक मी नो पार्किंगच्या नावानं जागा राहिलेला बघितला नाही.

तेव्हा दोन्हीवर मिळून एकच उपाय. पुढच्या वर्षी पीयूसीला गाडी चालवत नेऊच नका. फ्लॅटबेड बोलवा, मऊ पट्ट्यांनी चारी चाकं बांधून घ्या आणि तिला वर बसवूनच पंपावर न्या. बंपर घासणार नाही, क्रेन हात लावणार नाही, पोरांना फोटोही चांगला मिळेल. फ्लॅटबेडवाल्याला तेवढी त्याची पीयूसी विचारू नका.