माझा पुलर आणून द्या आधी!

सांगून सांगून थकलो. पुलर म्हणजे इंजिनातलं मॅग्नेट, म्हणजे चुंबकांचं चाक, ओढून काढायचं हत्यार. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीत ज्याच्या गाडीचं इंजिन दुरुस्तीला उघडतं, तो आधी माझं दार वाजवतो. "दादा, मॅग्नेट पुलर द्या ना, अर्ध्या तासाचं काम आहे." तो अर्धा तास दिवाळीपासून चालूच आहे!

पाना-पेचकस कुठेही मिळतो. पण चार खाचांचा क्लच नट उघडायचा सॉकेट, म्हणजे नटावर बसणारा नळीसारखा पाना, मी हातानं केलाय. जाड पाइपचा तुकडा घेतला, ग्राइंडरने कापून चार दात काढले, मग कानशीने घासायचं, नटावर बसवून बघायचं, परत घासायचं. दोन रविवार गेले त्यात. तोही नेला एकानं. परवा सॉकेट परत आला तर एक दात मुडपलेला. वर नेणारा म्हणे, "आधीपासूनच तसा होता." साफ खोटं!

आणि पुलर मिळाला नाही की सरळ हातोडी घेतात. अरे, मॅग्नेट क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, निमुळत्या टोकावर घट्ट बसलेलं असतं. ठोकलं की आतले चुंबक तडकतात, क्रँकचे आटे जातात. त्या खर्चापुढे पुलरची किंमत ती काय? सियागंजच्या बाजारात जा, विकत घ्या. माझा मात्र शनिवारपर्यंत द्या. रविवारी मला माझी गाडी उघडायची आहे.