पाणी भरून टाकी आपटली, म्हणून फसवणूक?

हेलिकॉप्टर कोसळून पेटलं की एक मजकूर हमखास फिरू लागतो: ‘अपघातात न फुटणाऱ्या टाकीची चाचणी पाणी भरून करतात, इंधन घालतच नाहीत. वर पैसे वाचवायला पोलादाऐवजी रबर. सगळं थोतांड.’

आधी पाण्याचं बघू. अमेरिकी नियमानुसार टाकी ८० टक्के पाण्याने भरून किमान ५० फुटांवरून टणक जमिनीवर सोडतात. खाली पोचेपर्यंत वेग ताशी ६० किलोमीटरच्या वर जातो. आता हिशेब करा: विमानाचं केरोसीन लिटरला साधारण ८०० ग्रॅम भरतं. म्हणजे ८० टक्के पाण्याचं वजन काठोकाठ भरलेल्या केरोसीनइतकंच. टाकी फाटते ती वजन आणि वेगाने. आतला द्रव ज्वलनशील आहे की नाही, हे तिला कळत नाही. शिवाय आजूबाजूच्या सांगाड्यात टोकं, कडा असतील तर त्यांच्यासकट टाकी आपटावी लागते. गळली की नापास.

रबर म्हणाल, तर ते नुसतं रबर नसतंच. ताण पेलतं ते आतलं विणलेलं नायलॉन, रबर द्रव धरून ठेवतं. अशी पिशवी दबते, आकार बदलते. ताठ पत्रा मात्र सांध्यावर उकलतो. टोचून भोक पाडायला किमान ३७० पौंडांचा, म्हणजे सुमारे १६८ किलोंचा जोर लागला पाहिजे, अशी अट आहे. आणि टाकी शाबूत राहूनही नळी उपटली गेली तर? म्हणून जोडच असे करतात की ते ठरल्या जागी तुटतात आणि दोन्ही तोंडं आपोआप बंद होतात. जाड पोलादाने हे साधलं नसतं, वजन तेवढं वाढलं असतं.

थोतांड? अमेरिकी लष्कराने १९७० पासून हेलिकॉप्टरांत अशा टाक्या बसवल्या, आणि वाचण्याजोग्या अपघातांत भाजून होणारे मृत्यू जवळजवळ थांबले.

प्रवासी जेटची गोष्ट वेगळी. तिथे पंखाची पोकळीच टाकी असते. पंख फाटला की इंधन बाहेर. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात फवारा होऊ न देणारं खास इंधन भरून एक बोइंग ७२० मुद्दाम आपटलं, तरी ते पेटलंच.

खरी खोट त्या फिरत्या मजकुरात आलेलीच नाही. ५० फुटांचा हा नियम १९९४ चा, पण तो फक्त नव्या आराखड्यांना लागू होता. जुन्या आराखड्यांची नवी हेलिकॉप्टरं पुढे कित्येक वर्षं अशा टाकीविना बनत राहिली. अमेरिकेत ही पळवाट २०१८ च्या कायद्याने, एप्रिल २०२० पासून बंद झाली, तीही नव्याने बनणाऱ्यांपुरती.