‘पावसाचं पाणी म्हणजे पावसाचं पाणी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी कारखान्यांच्या आवारातून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याबद्दल लिहिलं होतं. म्हणणं साधं होतं. आठ महिन्यांच्या कोरड्यानंतर पहिला पाऊस पडतो, तेव्हा शेडच्या पत्र्यांवरून, स्क्रॅप यार्डातून, ड्रम ठेवलेल्या कोपऱ्यातून जे गटारात जातं ते नुसतं पाणी नसतं, आणि त्याची जबाबदारी त्या आवाराच्या मालकाची आहे. त्यावर ‘एक लघुउद्योजक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी:

“ताई, घरात बसून असे लेख लिहिणं सोपं असतं. पावसाचं पाणी म्हणजे पावसाचं पाणी, त्याला कसली परवानगी आणि कसला नियम? उद्या म्हणाल ढगांनी पण कन्सेंट [प्रदूषण मंडळाची संमती] घ्यावा. असले नियम जगात कुठे नसतील. नासर्डी [नाशिकमधली नदी] काळी होते ती घरांच्या सांडपाण्याने. मोठ्यांना कुणी विचारत नाही, छोट्यांच्याच मागे सगळे. आणि हिशेब तरी नीट करा, हजार चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर नाही.”

शेवटचं वाक्य बरोबर आहे. 1000 चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1000 लिटर पाणी होतं. लिहिताना माझ्याकडून एक शून्य सुटलं. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे आणि चूक दाखवल्याबद्दल तुमचे मनापासून आभार. फक्त एवढं लक्षात घ्या, की शून्य वाढलं म्हणजे वाहून जाणारं पाणी मी सांगितलं त्याच्या दहापट निघालं.

आता ‘घरात बसून’. हे तुम्ही कुठल्याही पुरुष लेखकाला लिहिलं नसतं, हे तुम्हालाही माहीत आहे. ताई म्हणायचं आणि त्याच दमात ताईला घरात बसवायचं, याला मी आदर मानत नाही. मुद्दा चुकला असेल तर मुद्दा खोडा. मी कुठे बसते याच्याशी गटारातल्या क्रोमियम या विषारी धातूचा संबंध नाही.

पण विचारलंच आहे तर सांगते. माझे वडील नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत टर्नर होते. संध्याकाळी ते घरात आले की कपड्यांना येणारा कुलंटचा (यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) वास मला अजून आठवतो. रसायनशास्त्रात बीएस्सी करून मी अंबडमधल्या एका प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या) कारखान्यात लागले आणि सतरा वर्षं तिथे काढली. बाथचं (मुलाम्याच्या द्रावणाचं) टायट्रेशन म्हणजे रासायनिक मोजणी, ईटीपीचे (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचे) डोस, रोजचं रजिस्टर हे माझं काम. क्रोमच्या पाण्याचा पीएच दोन-तीनवर आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचं, पिवळं पाणी हिरवट झालं की चुना घालून पीएच आठ-नऊवर न्यायचा, गाळ बसू द्यायचा, फिल्टर प्रेसला लावायचा. हे मी पुस्तकातून सांगत नाही. बोटांची कातडी निघेपर्यंत केलं आहे.

त्या सतरा वर्षांतली एक सकाळ मी विसरू शकत नाही. लायनिंगच्या दुरुस्तीसाठी क्रोमची एक टाकी बाहेर काढून शेडमागे ठेवली होती. रिकामीच होती, फक्त तळाशी आणि कडांना नारिंगी खपल्या होत्या. कुणाच्या लक्षात आलं नाही की ती बरोबर पन्हळीच्या पाइपाखाली ठेवली गेली आहे. रात्रभर पाऊस कोसळला. शेडच्या पत्र्यांवरचं सगळं पाणी त्या टाकीत पडलं, टाकी भरली आणि वाहू लागली. सकाळी मी पोचले तेव्हा पावसाळी गटारातून हळदीच्या पाण्यासारखा पिवळा प्रवाह कुंपणाबाहेर जात होता. मी बाटली भरून लॅबमध्ये नेली आणि डायफेनिल कार्बाझाइडचे थेंब टाकले. विषारी क्रोमियम असेल तर त्याने पाणी जांभळं होतं. नमुना क्षणात गडद जांभळा झाला. वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, “पाऊस चालू आहे, तासाभरात धुऊन जाईल.”

आणि गेलंच धुऊन. दुपारी गटार स्वच्छ होतं. त्या दिवशीच्या ईटीपीच्या रजिस्टरमध्ये मी माझ्या हाताने सगळी रीडिंग मर्यादेत लिहिली, कारण ईटीपीच्या आउटलेटची रीडिंग खरोखरच मर्यादेत होती. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे साहेब आले असते तरी त्यांनी तोच आउटलेट पाहिला असता. दहा फुटांवरच्या दुसऱ्या गटाराचा कुठल्याच कागदावर उल्लेख नव्हता. मी सही केली. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि मागचा लेख मी त्याच सहीमुळे लिहिला. तेव्हा घरात बसून सुचलेलं काही लिहिते आहे असं समजू नका.

आता तुमचं ते वाक्य: “पावसाचं पाणी म्हणजे पावसाचं पाणी.” ढगातून पडतं तेव्हा असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याचा पीएच साधारण 5.6 असतो, बस. पण ते तुमच्या पत्र्यावर टेकलं की त्याचा प्रवास बदलतो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरून जस्त घेतं. पिकलिंगच्या (धातू आम्लात बुडवून साफ करण्याच्या) धुराड्याशेजारी पत्र्यावर जो आम्लाचा थर बसलेला असतो तो घेतं. लेथचा ओला बुरादा उघड्यावर टाकलेला असतो, त्यातलं तेल घेतं. दसऱ्यानंतर साचत आलेलं हे सगळं मृगाच्या पहिल्या जोरदार सरीत एकदम उतरतं. पहिल्या अर्ध्या तासाचं पाणी आणि ऑगस्टमधल्या संततधारेचं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. गोदेला पूर आला की सगळं नाशिक दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते बघायला धावतं. जूनमध्ये औद्योगिक वसाहतीतल्या नाल्यापाशी कुणी थांबत नाही, आणि खरं पाहायचं असतं ते तेव्हाच.

नियम कुठे आहे, हे विचारता? 1974 चा जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा काढा. औद्योगिक सांडपाण्याच्या त्यातल्या व्याख्येत, घरगुती मैला वगळता, उद्योगाच्या आवारातून बाहेर पडणारा द्रव, वायू, घन असा कुठलाही पदार्थ येतो. ते पाणी नळाचं होतं, बोअरचं होतं की आभाळाचं, हे कायदा विचारत नाही. कलम 24 प्रमाणे विषारी किंवा प्रदूषक पदार्थ जाणूनबुजून नदीनाल्यात, विहिरीत, गटारात जाऊ देता येत नाही. ‘वाहून गेलं’ आणि ‘सोडलं’ असा जो फरक तुमच्या मनात आहे, तो तिथे तुम्हाला वाचवत नाही. ‘जाऊ देणं’ हेच कलमाच्या कक्षेत आहे.

आणि तुमचा व्यवसाय प्लेटिंगचा असेल तर त्या उद्योगासाठी केंद्राने पर्यावरण संरक्षण नियमांखाली वेगळी मानकं दिली आहेत. किमान 200 चौरस मीटर भूखंड असलेल्या युनिटसाठी त्यांत पावसाच्या पाण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे: ते सांडपाण्यात, स्क्रबरच्या (धूर धुणाऱ्या यंत्राच्या) पाण्यात किंवा फरशी धुतलेल्या पाण्यात मिसळू द्यायचं नाही, वेगळ्या गटाराने न्यायचं, आणि एचडीपीई प्लास्टिकचं अस्तर असलेल्या खड्ड्यातून जाऊ द्यायचं. खड्डा केवढा? तासाच्या सरासरीने धरलेला दहा मिनिटांचा पाऊस मावेल एवढा. मी लेखात हेच लिहिलं होतं, तुम्ही तो परिच्छेद वाचलेला दिसत नाही.

हिशेब तुम्हाला आवडतो, तर हा घ्या. 1000 चौरस मीटरचा भूखंड, तासाला 30 मिलिमीटर पाऊस, म्हणजे तासाला 30,000 लिटर. दहा मिनिटांचे झाले 5,000 लिटर. गच्चीवर ज्या काळ्या टाक्या दिसतात, त्यातली एक मोठी टाकी. एवढ्यासाठी लघुउद्योग बुडणार असेल तर तो पावसाने बुडत नाही.

“जगात कुठे नसतील” हे तर तुम्ही न पाहताच ठोकून दिलं. अमेरिकेत 1987 साली तिथल्या जल कायद्यात दुरुस्ती करून उद्योगांच्या आवारातलं पावसाचं पाणी परवान्याखाली आणलं. तिथे कारखानदाराला पावसाळी पाण्याची स्वतःची लेखी योजना ठेवावी लागते. दर तिमाहीला नमुना पारदर्शक बाटलीत धरून रंग, वास, गढूळपणा, फेस, तेलाचा तवंग पाहून नोंद करावी लागते, आणि तो नमुना शक्यतो पाणी वाहायला लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातला लागतो. मला त्यांतली एक गोष्ट फार पटते. सगळा माल, स्क्रॅप, यंत्रं पावसापासून झाकलेली आहेत हे दाखवून दिलं, तर त्या परवान्यातून सूट मिळते. म्हणजे पाणी शुद्ध करत बसण्यापेक्षा ते घाण होऊच न देणं स्वस्त. आपल्याकडच्या 2016 च्या घातक कचरा नियमांतही, मंडळाने मुदत वाढवून दिली नसेल तर, 90 दिवसांपेक्षा जास्त साठा ठेवता येत नाही, मग दीड-दोन वर्षांच्या गाळाच्या गोण्या फाटक्या ताडपत्रीखाली कशासाठी भिजत पडलेल्या असतात? चार पत्रे ठोकून शेड करायला कुणी अडवलं आहे? ड्रमांभोवती वीतभर उंचीचा बांध घालायला कुणाची परवानगी लागते?

“पावसात सगळं पातळ होतं” असं तुम्ही लिहिलं नाही, पण तुमच्या वाक्याखाली तेच आहे, माझ्या वरिष्ठांच्या वाक्याखालीही तेच होतं. म्हणून सांगते. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची (त्या पिवळ्या पाण्यातल्या विषारी क्रोमियमची) मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे. क्रोमिक ॲसिडच्या एक किलो पापुद्र्यांत साधारण अर्धा किलो क्रोमियम असतं. ते मर्यादेपर्यंत पातळ करायला 50 लाख लिटर स्वच्छ पाणी लागेल. तेवढं वरच्या 1000 चौरस मीटरच्या भूखंडावर एका तासात पडत नाही, अख्ख्या पावसाळ्यातही पडत नाही. डोळ्याला पिवळं दिसेपर्यंत ते पाणी मर्यादेच्या किती तरी पुढे गेलेलं असतं. शिवाय धातू मरत नाही. मैल्याचं जिवाणू खाऊन काहीतरी करतात, धातू चिखलात बसून राहतो. नासर्डी टाकळीजवळ गोदावरीला मिळते, म्हणजे रामकुंडाच्या खाली. म्हणून रामकुंडावर उभं राहून तिचं काही कळत नाही. ते पाणी पुढे निफाडकडे जातं, नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयात थांबतं. 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जे जाहीर झालं, ते हेच. दर हिवाळ्यात तिथे पक्षी पाहायला जाणाऱ्यांत उद्योजकही असतातच.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. घरांचं सांडपाणी नासर्डीत येतं का? येतं. मी नाही कुठे म्हटलं? त्यासाठी महापालिकेला धारेवर धरणारे माझे लेख याच ब्लॉगवर आहेत, शोधा. शेजाऱ्याने उकिरडा केला म्हणून आपणही करावा, हा युक्तिवाद माझ्या आईसमोर केला असता तर तिने उंबऱ्यातच उभं केलं असतं. मोठ्यांना कुणी विचारत नाही, हे खरं असेल तर नावानिशी मंडळाकडे तक्रार करा, मी सोबत सही करते. पण टोपणनावाने मला ऐकवून मोठ्यांचं काही बिघडत नाही. आणि ढगांचं ते वाक्य टाळ्यांसाठी होतं, त्याला उत्तर नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पुढची मात्र नावानिशी लिहा, नाहीतर छापणार नाही. त्याहून एक करा. तुमचा गाळा सातपूरला असो की अंबडला, जोराची पहिली सर आली की कळवा. मी पारदर्शक काचेच्या दोन बाटल्या, पीएच पेपर आणि डायफेनिल कार्बाझाइड घेऊन येते. एक बाटली तुमच्या पन्हळीखाली धरू आणि दुसरी कुंपणाबाहेर गटाराच्या तोंडाशी, दोन्ही तुमच्या हाताने. नमुना रंगहीन राहिला तर तुमच्या परवानगीने फोटो इथेच टाकेन आणि तुमचं म्हणणं तुमच्या आवारापुरतं बरोबर होतं असं लिहीन. जांभळा झाला तर फोटो टाकणार नाही. त्याच दिवशी आपण दोघं मिळून खड्ड्याची जागा आखू.