गीत कोणते गावे, हे कशावरून ठरवावे?

विश्वासणाऱ्यांच्या घरांत आणि मंडळ्यांत संगीतावरून जे वाद होतात, ते बहुधा ड्रम आणि गिटारपासून सुरू होतात आणि तिथेच संपतात. एका बाजूला ठेका जोरात वाजला की जगाचा आत्मा आत शिरला असे मानणारी माणसे असतात, तर दुसऱ्या बाजूला ‘देव अंतःकरण पाहतो’ एवढ्या एका वाक्याने प्रत्येक प्रश्न मिटवू पाहणारी. दोन्ही बाजू मूळ प्रश्नाला हात घालत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. एखादे ख्रिस्ती गीत आध्यात्मिक दृष्ट्या योग्य आहे की नाही, हे आधी त्याच्या शब्दांवरून ठरते. ते शब्द देवाविषयी काय शिकवतात आणि जो ते गाणार आहे त्याला ते खरेपणाने गाता येतील का, हे पाहावे लागते. चाल, वाद्ये, गीतकाराचे चरित्र या गोष्टींना महत्त्व आहे, पण त्यांची पाळी नंतर येते.

पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात (3:16) गाण्याला एक काम नेमून दिले आहे. स्तोत्रे, गीते आणि आध्यात्मिक गायने यांच्या योगे विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना शिकवावे आणि बोध करावा, असे तो सांगतो. याचा अर्थ उपासनेतले गाणे ही संदेशापूर्वीची वातावरणनिर्मिती नसून ती स्वतःच एक शिकवण आहे. व्यासपीठावरून जे सांगितले जाते ते ऐकणारा पारखून घेतो, निदान घेऊ शकतो. गीत मात्र तो स्वतःच्या तोंडाने, ‘मी’ आणि ‘आम्ही’ म्हणत, सगळ्या मंडळीबरोबर उच्चारतो, आणि तेही वर्षानुवर्षे. रविवारचा संदेश बुधवारपर्यंत पुष्कळसा विरून गेलेला असतो, पण लहानपणी शिकलेले कडवे, बाकीची स्मृती गेलेल्या वृद्धाच्याही ओठांवर येते. ज्या शिकवणीची पकड इतकी घट्ट आहे, तिची तपासणी संदेशापेक्षा सैल असावी, हे मला कधीच पटलेले नाही.

चुकीची शिकवण पसरवणाऱ्यांना गाण्याचे हे सामर्थ्य फार लवकर उमगले होते. देवाचा पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा निर्माण केलेला आहे, असे शिकवणाऱ्या आरियसाने आपली मते ‘थालिया’ नावाच्या पद्यरचनेत मांडली होती. त्याची शिकवण 325 साली नायसियाच्या परिषदेने अमान्य केली. त्याच शतकातल्या सिरियन एफ्राइमाने (मृत्यू 373) बार्देसान या चुकीची शिकवण देणारा मानल्या गेलेल्या गुरूच्या अनुयायांत प्रचलित असलेल्या गीतांना उत्तर म्हणून स्वतः ढीगभर गीते रचली, आणि ती स्त्रियांच्या गायनवृंदांकडून मंडळीत गाऊन घेतली. गाण्यातल्या असत्याला त्याने गाण्यातल्या सत्याने उत्तर दिले. आजही एखाद्या गीताविषयी शंका आल्यावर ‘हे गाऊ नका’ एवढे सांगून थांबणे पुरत नाही. त्या जागी काय गायचे, तेही द्यावे लागते.

आता ठेक्याविषयी. निर्गमाच्या 15 व्या अध्यायात समुद्र ओलांडल्यावर मिर्याम हाती डफ घेते आणि इतर स्त्रिया डफ वाजवत, नाचत तिच्यामागे निघतात. परमेश्वराच्या स्तुतीचे ते गीत पवित्र शास्त्रातल्या जुन्यात जुन्या गीतांपैकी मानले जाते. पुढे 32 व्या अध्यायात तेच लोक सोन्याच्या वासराभोवती गात आणि नाचत असलेले मोशेला दिसतात. लोक तेच, गाणे आणि नाचणे तेच, आणि मधे काही महिन्यांचेच अंतर. वाद्यांवरून आणि नाचण्यावरून निवाडा करायचा ठरवला, तर या दोन प्रसंगांतला फरक आपल्याला सांगताच येणार नाही. गाणे कोणाला उद्देशून आहे आणि त्याच्याविषयी काय म्हणते, हे पाहिले की मात्र फरक लख्ख दिसतो. वीणा आणि बासरी वाजवणाऱ्यांचा मूळ पुरुष म्हणून उत्पत्तीच्या 4 थ्या अध्यायात ज्या युबालाचे नाव येते, तो काइनाच्या वंशातला होता. म्हणून काही दाविदाने वीणा टाकून दिली नाही.

चालींचा इतिहासही हेच सांगतो, पण थोड्या गुंतागुंतीने, आणि ती गुंतागुंत झाकू नये. मार्टिन ल्यूथरने दारूच्या गुत्त्यातल्या चाली सर्रास उपासनेत आणल्या, हे वाक्य वादात हमखास फेकले जाते. त्याला आधार मिळत नाही. खरी हकीकत अधिक बोधक आहे. आपल्या एका नाताळगीताला ल्यूथरने 1535 साली एका लौकिक गाण्याची चाल लावली होती, पण 1539 च्या गायनपुस्तकात त्याच गीताला नवी चाल दिलेली आढळते. जुन्या चालीला मूळ गाण्याची आठवण चिकटून राहिली होती, असे त्याचे कारण सांगितले जाते. याउलट हान्स लेओ हास्लरने 1601 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रेमगीताची चाल पुढे ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या गीताला लागली, योहान सेबास्टियन बाखने ती आपल्या मत्तयकृत दुःखसहनाच्या संगीतकृतीत पुन्हापुन्हा योजली, आणि आज ती ऐकताना कोणालाही प्रेमगीत आठवत नाही. चाल स्वतः पापी किंवा पवित्र नसते, पण ऐकणाऱ्याच्या मनात ती काही आठवणी जागवते, आणि त्या आठवणी काळाप्रमाणे आणि माणसाप्रमाणे बदलतात. म्हणून व्यसनातून किंवा एखाद्या अंधाऱ्या जीवनक्रमातून बाहेर आलेल्या बंधूला एका प्रकारच्या संगीताने जुने दिवस आठवत असतील, तर त्याच्यासमोर आपले स्वातंत्र्य मिरवू नये. मूर्तीला वाहिलेल्या मांसाविषयी पौल करिंथकरांना जे सांगतो, की दुर्बळ बंधू अडखळू नये म्हणून आपला हक्क सोडावा, ते इथे जसेच्या तसे लागू पडते. मात्र त्या बंधूची अडचण हा सर्व काळच्या, सर्व मंडळ्यांसाठीचा नियम होत नाही. रोमन कॅथलिक मंडळीत 1903 साली पोप दहाव्या पायसने पियानो आणि ढोलांसारख्या वाद्यांना मंदिरात मनाई केली होती, आणि 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ग्रेगोरियन गायनाला (प्राचीन एकसुरी लॅटिन उपासनागायनाला) मानाचे स्थान राखूनही इतर प्रकारच्या संगीताला आणि वाद्यांना वाट मोकळी ठेवली. साठ वर्षांत देव बदलला नव्हता.

गीतकाराच्या जीवनाचा प्रश्न मला याहून अवघड वाटतो. जॉन न्यूटनचे कृपेविषयीचे जगप्रसिद्ध गीत 1773 च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी लिहिले गेले. 1748 मध्ये वादळात देवाचा धावा केल्यानंतरही हा मनुष्य गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर काम करत राहिला होता, आणि त्या व्यापाराविरुद्ध त्याने उघडपणे लिहिले ते 1788 मध्ये. म्हणजे ते गीत लिहिले तेव्हा ही कबुली अजून पंधरा वर्षे दूर होती. गीत त्यामुळे खोटे ठरते का? माझ्या मते नाही. बलामासारख्या लोभी माणसाच्या तोंडून निघालेले आशीर्वादाचे शब्द पवित्र शास्त्राने जपून ठेवले आहेत, आणि ते खरे आहेत. खरी गोष्ट बोलणाऱ्याच्या दोषाने खोटी होत नाही. परंतु जो गीतकार आज हयात आहे, ज्याचे पाप उघड झाले आहे आणि ज्याने दुखावलेली माणसे आपल्याच बाकावर बसलेली आहेत, त्याचे गीत त्यांच्या तोंडी घालणे हा सत्यासत्याचा नव्हे, प्रीतीचा प्रश्न आहे. तिथे ते गीत बाजूला ठेवावे, आणि त्यासाठी लांबलचक वाद घालू नये.

याच्याच शेजारचा, पण वेगळा प्रश्न आहे तो गीते येतात कुठून याचा. 2010 ते 2020 या काळात इंग्रजी उपासनेतील लोकप्रिय गीतांच्या याद्यांच्या अग्रभागी पोचलेली 38 गीते काही अभ्यासकांनी तपासली, तेव्हा त्यांतल्या 36 गीतांचा संबंध हिलसाँग, बेथेल, पॅशन आणि एलिव्हेशन या चारच मोठ्या मंडळ्यांशी निघाला. हे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. ती गीते वाईट आहेत असे मी म्हणत नाही, त्यांतली काही सुंदर आणि शास्त्राला धरून आहेत. पण जगभरच्या मंडळ्यांचा गायनाचा आहार चार स्वयंपाकघरांतून येऊ लागला, तर त्या चौघांची आवडनिवड, त्यांचे भर आणि त्यांची मौने आपलीही होऊन बसतात. एखादे गीत निर्दोष असले तरी ते ऐकणारा तरुण पुढच्याच क्षणी त्या मंडळीचे संदेश ऐकू लागतो, हेही निवडणाऱ्याने ध्यानात घ्यावे. म्हणून शिकवणीत गंभीर मतभेद असलेल्या ठिकाणचे गीत मंडळीत घेताना मी हात आखडता घेतो, पण घरी तेच गीत ऐकणाऱ्याला दोष देत नाही. वैयक्तिक ऐकणे आणि मंडळीने मिळून गाणे यांत अंतर आहे. घरी मी एखादी ओळ न पटल्यास ऐकून सोडून देऊ शकतो. उपासनेत ती ओळ मी दुसऱ्याला म्हणायला लावत असतो.

ओळीओळीला किती वजन द्यावे, याचे एक उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्च या संस्थेच्या 2013 च्या गायनपुस्तकासाठी निवड करताना एका अतिशय लोकप्रिय नव्या गीतातली, ख्रिस्ताच्या मरणाने देवाचा क्रोध शांत झाला असे सांगणारी ओळ समितीतील बहुतेकांना मान्य होईना. देवाची प्रीती उंचावली गेली अशा अर्थाचा बदल सुचला, गीतकारांनी तो नाकारला, आणि समितीने बहुमताने ते गीत वगळले. मी स्वतः गीतकारांच्या बाजूचा आहे. क्रोधाचा उल्लेख काढला की क्रूसावर नेमके काय घडले, हे सांगताच येत नाही. तरीही एका ओळीसाठी गाजलेले गीत सोडून देणारी समिती आणि एका ओळीसाठी मोठ्या पुस्तकातली जागा सोडून देणारे गीतकार, या दोघांनीही शब्दांना जितके गंभीरपणे घेतले तितके आपण घेत नाही, याचे मला दुःख होते. आपण चाल आवडली की गीत शिकतो आणि अर्थ नंतर कधीतरी पाहू म्हणतो.

शब्द तपासायचे म्हणजे काय करायचे? मी गीत चालीशिवाय, मोठ्याने वाचतो. ज्या गीतातून प्रभूचे नाव काढून तिथे प्रियकराचे किंवा प्रेयसीचे नाव घातले तरी काहीच बिघडत नाही, ते गीत मनोहर असेल, पण मंडळीला ते फारसे काही शिकवणार नाही. पुनरावृत्तीला मी दोष मानत नाही. स्तोत्र 136 मध्ये एकच ध्रुवपद 26 वेळा येते. तिथे प्रत्येक वेळी देवाचे एखादे कृत्य किंवा त्याच्या थोरवीची एखादी बाजू आधी सांगितली जाते आणि मग ध्रुवपद तिला उत्तर देते. सांगण्यासारखे काहीच नसताना केवळ भावना तापवण्यासाठी केलेली पुनरावृत्ती ही निराळी गोष्ट आहे. प्राचीन मंडळीतला शिक्षक ऑगस्टिन याने आपल्या ‘कबुली’ या आत्मकथनाच्या दहाव्या भागात म्हटले आहे की, गायल्या जाणाऱ्या आशयापेक्षा गाण्यानेच आपण अधिक हलतो तेव्हा ते आपले पाप आहे. आणि तरीही मंडळीतले गाणे त्याने नाकारले नाही, कारण विश्वासात नवा असताना त्याच गाण्याने त्याला रडवले होते. मेथडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली यानेही 1761 मध्ये गाणाऱ्यांना दिलेल्या सूचनांत, आवाजाबरोबर मन वाहवत जाऊ देऊ नका, अर्थाकडे लक्ष ठेवा, असेच बजावले. भावनांना घाबरण्याचे कारण नाही, पण त्या सत्यामुळे जाग्या झाल्या की दिवे मंद करून आणि सूर चढवून, हे गाणाऱ्याने स्वतःला विचारलेच पाहिजे.

सगळ्यांत मोठा धोका मात्र मला उघड चुकीच्या शिकवणीपेक्षाही, देवाने न दिलेली वचने गाण्यात दिसतो. माझ्यावर संकट येणारच नाही, मी कधीच आजारी पडणार नाही, माझा प्रत्येक दिवस विजयाचाच असेल, अशी कडवी उत्साहाने गायली जातात, आणि कर्करोगाचा अहवाल हाती आलेली बहीण त्या घोळक्यात मुकाट उभी राहते. ती कमी विश्वासाची नाही. तिच्या तोंडी जे घातले जात आहे ते खरे नाही. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. स्तोत्र 88 तर अंधारातच संपते, आणि तेही गाण्यासाठीच नेमून दिलेले होते. देवाने आपल्या लोकांना जे गायनपुस्तक दिले, त्यात रडणाऱ्यांसाठी इतकी जागा आहे, आणि आपल्या याद्यांत ती जवळजवळ नाही. वाद्यांवर चर्चा करण्यात आपण जो वेळ घालवतो, त्यातला थोडा वेळ ही उणीव भरून काढण्यात घालवावा, अशी गीते निवडणाऱ्या सर्व बंधुभगिनींना माझी मनापासून विनंती आहे. गेल्या वर्षभरात मंडळीत गायलेल्या गीतांची यादी समोर घ्या, आणि त्यांतले कोणते गीत ती बहीण त्याच रविवारी खरेपणाने गाऊ शकली असती, तेवढ्यावर खूण करून पाहा.