काका, तीनच वाहनं निवडता येतात

रविवारी दुपारी दीड वाजता, तळलेल्या सुरमईचा तुकडा नुकता ताटात पडलेला असताना बेल वाजवणाऱ्या माणसाला या देशात कुठलंच कलम का लागत नाही? दारात एक पोरगा. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "काका, सर्व्हे आहे. मुंबई महानगराच्या वाहतुकीचं पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचं नियोजन करायचंय. दहाच मिनिटं."

दहा मिनिटं आमची भांडुपात शेअर रिक्षाच्या रांगेतच जातात, तेव्हा तेवढ्यासाठी कुरकुर नको म्हटलं. कधी नव्हे ते कुणीतरी विचारतंय. विचार बाबा.

गेल्या कामाच्या दिवशी घरातून कुठे गेलात आणि कशाने? सांगायला लागलो. टेंभीपाड्यावरून शेअर रिक्षाने स्टेशन. स्लो लोकलने घाटकोपर. मग जिना, पूल, रांग, बॅगतपासणी, मेट्रोने मरोळ नाका. तिथून बस आली तर बस, नाही आली तर परत शेअर रिक्षा, आणि शेवटी एमआयडीसीच्या आत चालत. पोरग्याचं बोट थांबलं.

"काका, तीनच वाहनं निवडता येतात."

म्हणजे?

"मेन मेन सांगा ना."

आता यातलं कुठलं गाळू? पहिली रिक्षा गाळली तर सरकारी कागदावर मी भांडुप स्टेशनच्या फलाटावर राहतो. शेवटची बस गाळली तर माझं ऑफिस मरोळ नाक्याच्या सरकत्या जिन्यावर. चालण्याला तर रकानाच नाही. अर्धा किलोमीटरच्या आतलं चालणं धरायचं नाही म्हणे! तो अर्धा किलोमीटर जुलै महिन्यात, उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून, एका हाताने छत्री आणि दुसऱ्याने पँट सावरत चालून दाखवा, मग ठरवू धरायचं की नाही.

पुढे, वाट बघण्यात किती वेळ जातो? पर्याय तीन: पाच मिनिटांपेक्षा कमी, पाच ते दहा, दहापेक्षा जास्त. म्हटलं, गर्दीमुळे सोडून दिलेल्या गाड्या यात धरायच्या का? घाटकोपरच्या पुलावर इंचाइंचाने सरकतो तो वेळ? "दहापेक्षा जास्त टाकतो, काका." टाक. त्यात अख्खी मुंबई मावते.

मग बायकोची पाळी. व्यवसायापुढे 'गृहिणी' निवडलं आणि कामाच्या दिवशीच्या तिच्या फेऱ्या टॅबने आपोआप शून्य केल्या. शून्य! ती आईला मुलुंडला फिजिओथेरपीला नेते, येताना पोरीला क्लासमधून घेते, वाटेत भाजी, वाटेत गॅसवाल्याशी भांडण. हे सगळं सांगितल्यावर त्याने मागे जाऊन रकाना उघडला, तर प्रवासाचा उद्देश एकच निवडता येतो. त्याने 'इतर' केलं. स्वयंपाकघरातून आवाज आला, "लिही लिही, इतरच लिही. लग्न झाल्यापासून तेच आहे."

इथे माझं डोकं फिरलं.

कारण हे आराखडे मी लहानपणापासून बघतोय. महानगराचा प्रादेशिक आराखडा १९९६ ते २०११ या काळाचा, मंजूर झाला १९९९ मध्ये. पुढचा २०१६ ते २०३६ चा, मंजुरी २०२१ मध्ये. म्हणजे वीसातली पाच वर्षं फायलीतच गेली. आणि मधली २०११ ते २०१६? जुन्यावरच ढकला. महापालिकेची तऱ्हा वेगळी नाही. २०१४ ते २०३४ चा विकास आराखडा, त्याचा पहिला मसुदा २०१५ मध्ये इतक्या चुकांसकट बाहेर आला की मुख्यमंत्र्यांना तो रद्द करावा लागला. सुधारलेला मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. वाहतुकीचा वेगळा अभ्यास २००८ मध्ये झाला तो २०३१ डोळ्यांसमोर ठेवून. ३१ आता तोंडावर आलंय, साहेब. त्यातलं किती झालं ते तपासायला नको, त्याआधी पुढच्या पंचवीस वर्षांचा टॅब घेऊन पोरं दारोदार!

मेट्रोचा १४६ किलोमीटरचा आराखडा २००४ चा. पहिली मेट्रो धावली जून २०१४ मध्ये, वर्सोवा ते घाटकोपर, ११.४ किलोमीटर. बरं, ती तरी धड? स्थानकं बांधली सहा डब्यांची, गाड्या चार डब्यांच्या. रोज फलाटाच्या टोकाला तो मोकळा भाग बघत उभा असतो मी. तिथे कुणी उभं राहत नाही, कारण तिथे डबाच येत नाही. पूल तुंबलेला, जिना तुंबलेला, आणि फलाटाची दोन टोकं रिकामी. आतले दरवाजे बंद होताना पाठीवरची बॅग पुढे ओढायची, मान उजवीकडे वळवायची आणि समोरच्याच्या मोबाइलवरची सिरियल बिनआवाजाची बघायची. (पाठीवरची बॅग पाठीवरच ठेवणाऱ्यांबद्दल मी वेगळं लिहिणार आहे. त्यांना दया नाही.)

आमच्या एलबीएस रोडवर मेट्रो चारच्या कामाचे पत्रे लागले तेव्हा पोरगी तिसरीत होती. आता तिला पत्र्यांशिवायचा एलबीएस आठवत नाही. बीकेसीचं, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाचं, तर बोलूच नका. दक्षिण मुंबईवरचा भार हलका करायला म्हणून सत्तरच्या दशकात तिथलं नियोजन हाती घेतलं. मग काचेच्या इमारती आल्या, बँका आल्या, हिऱ्यांचा बाजार आला, आणि आत मेट्रोचं स्टेशन उघडलं ऑक्टोबर २०२४ मध्ये. तोवर वांद्रे स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांच्या हातापाया पडायचं, आणि तो "शेअर, शेअर" करत चौथा माणूस स्वतःच्या शेजारी बसवणार. वरातीमागून घोडं, तेही भुयारातून.

मोनोरेल? २०१४ मध्ये वडाळा ते चेंबूर, २०१९ मध्ये पुढे जेकब सर्कलपर्यंत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुधारणेसाठी बंद. अंधेरीचा गोखले पूल नवा बांधला, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू उघडली, तर शेजारचा बर्फीवाला पूल त्याला जुळेचना! एक वर, एक खाली. पंचवीस वर्षांपुढचं दिसणाऱ्यांना शेजारचा पूल दिसला नाही. बेस्टचं किमान तिकीट मे २०२५ मध्ये पाचाचं थेट दहा केलं, आणि बस? स्टॉपवर उभं राहून ॲपमध्ये बस 'येतेय' एवढं बघायला मिळतं.

वर ग्रोथ हब! नीती आयोगाचा हिशोब सांगतो की महानगर प्रदेशाची अर्थव्यवस्था १४० अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ३०० अब्जांवर न्यायची. न्या की. कुणी अडवलंय? पण ते अब्ज कमावणारी माणसं सकाळी पावणेनऊला घाटकोपरच्या पुलावर खोळंबलीत, त्यांना आधी खाली उतरवा.

हे सगळं मी त्या पोरग्याला दारात उभं करून ऐकवलं. चढ्या आवाजात. २०१५ चा मसुदा कोणी रद्द केला ते सांगताना माझ्या हातात सुरमईचा काटा होता, हे नंतर कळलं. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात येऊन "कुणाशी भांडण झालं का?" विचारून गेल्या. आई आतून म्हणाली, "अरे, त्याला आत तरी बोलाव, का उभ्यानेच सगळी मुंबई सांगतोस?" पोरगं बिचारं टॅब छातीशी धरून, "हो काका, बरोबर काका." त्याचे पैसे फॉर्मवर. माझ्या भाषणाचे त्याला शून्य.

आत बसवला. पाणी, मग ताट. तू कसा आलास रे, विचारलं. नालासोपाऱ्याहून. घरून रिक्षा, विरार लोकल, दादरला गाडी बदलून भांडुप, इथून पुन्हा शेअर रिक्षा, आणि मग घराघरांतून पायपीट. म्हणजे तोही त्या तीन वाहनांत बसत नव्हता. तुझ्या घरी आलं का कुणी विचारायला? "नाही काका, आमची बिल्डिंग सॅम्पलमध्ये नाही." आणि शांतपणे सोलकढीची वाटी पुढे केली.

जेवल्यावर शेवटचा रकाना: सूचना. मर्यादा शंभर अक्षरं. मी पदर पसरून नव्हे, कंबर कसून बसलो. पूर्व-पश्चिम जोडणी, एकच तिकीट, फुटपाथ, स्टेशनबाहेरच्या रिक्षांची शिस्त, असं बरंच सांगितलं आणि तो खोडत गेला, "काका, लाल होतंय." छाटत छाटत उरलं एवढंच: मेट्रो १ चे डबे वाढवा.

त्याने टाइप केलं, सेव्ह केलं आणि म्हणाला, "हे सगळेच सांगतात."

सगळेच सांगतात! अरे मग विचारत काय फिरताय, वाढवा ना!